बोक्याचं मत

"मॅडम, कुठनं पसरलं हे शोधून काढायचं, हेच तुमचं काम न्हवं?" संकपाळ दारात उभे राहून म्हणाले.

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. एका गावात कावीळ कुठल्या विहिरीतून आली ते शोधत दिवसभर फिरले होते, आणि प्रत्येक विहिरीचा मालक शेजारच्या विहिरीकडे बोट दाखवत होता.

"मी कावीळ शोधते, संकपाळ."

"तेच की. एकाकडनं दुसऱ्याला, दुसऱ्याकडनं तिसऱ्याला. हे बी तसंच चाललंय." त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आमच्या ताईला तासगावात आला. तिला पुण्यातनं आला. पुण्यात कुणाला दुबईतनं आला म्हणं."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीच्या एका आरोग्य प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची आणि साथ आली की तिचा उगम शोधायची. आमच्या श्रीयोग अपार्टमेंटच्या कमिटीत होते ती केवळ सभेला गैरहजर राहिले म्हणून. सगळ्यांनी मिळून माझं नाव घातलं होतं.

संकपाळांच्या मोबाईलवर जे होतं ते तोवर निम्म्या महाराष्ट्राने पाहिलं असावं. आमच्या पार्किंगमधली सर्वसाधारण सभा. मागे भिंतीवर सोसायटीचं नाव ठळक अक्षरांत. ठराव होता, 'आवारात मांजरांना खायला घालू नये'. अध्यक्ष हर्डीकर म्हणतात, अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. हात वर होतात. आणि हर्डीकरांच्या शेजारी, टेबलावर बसलेला तांबडा बोका शांतपणे उजवा पंजा वर करतो. सगळ्यांचे हात खाली येईपर्यंत तो पंजा वरच ठेवतो. मग पिवळी अक्षरं उमटतात, 'ठराव एकमताने मंजूर', आणि ढोलकीवरचं एक गाणं जोरात वाजतं.

मी त्या सभेत होते. बोक्याच्या डोक्यावर गणपतीच्या सजावटीची एक दोरी लोंबत राहिली होती, तिच्याकडे त्याचं लक्ष होतं. पार्किंगच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या कोनातून दोरी दिसत नव्हती, एवढंच. हे मी सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगत असे. लोक ऐकून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून क्लिप लावत.

"हसण्यावारी नेऊ नका," संकपाळ म्हणाले. मी हसत नव्हते. "परवा माझा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं. सगळं पसंत पडलं. जाताना म्हणतंय, 'पाव्हणं, बोक्याला पार्किंग किती दिलंय?' आन् गेलं ते गेलंच."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. शोधायला काय उरलंच न्हाई तसं. कॅमेऱ्याच्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक हर्डीकर काकांकडं, एक बसगोंडाकडं. पण काका म्हणतात, पुरावा पाहिजे. ते ऑडिटवाले. तेवढं तुम्ही शास्त्रीय पद्धतीनं लिहून द्या, की बसगोंडानंच केलं."

बसगोंडा आमचा वॉचमन. जतकडचा. जिन्याखालच्या खोलीत बायको शिवक्का आणि मुलगी महादेवी यांच्यासोबत राहायचा. महादेवी बारावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. कमिटीने त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं. पुरावा मिळायच्या आधीच.

मी म्हटलं, "आधी निष्कर्ष आणि मग तपास, असं मी करत नाही."

"मग उलटं करा की. शेवटाला तिथंच येताय."

त्या संध्याकाळी मी खाली गेले. बसगोंडा खुर्चीवर बसला होता आणि बोका त्याच्या पायाशी.

"बसगोंडा, खरं सांग. तू काढलीस ती क्लिप?"

"न्हाई वो." त्याने बोक्याकडे बघितलं. "आन् काढली असती तर त्यात काय हाय, मॅडम? त्यो रोज हात वर करतोय. भाकरी दावली की करतोय. मला काय नवल?"

शिवक्का आतून म्हणाली, "मोबाईल पोरीचा. त्यात अब्यास. तिला इचारा, बोका बघायला वेळ हाय का तिला." मग बाहेर येऊन हळू आवाजात, "मॅडम, पेपर संपूस्तवर तरी ऱ्हाऊ द्या म्हणावं. मग जातो आमी. जत काय लांब न्हाई."

तिने विनवणी केली असती तर मी कदाचित काहीतरी सांत्वनाचं बोलून वर गेले असते. तिचा स्वर व्यवहाराचा होता. मी शोधायचं ठरवलं.

पहिले दोन-तीन दिवस मी चुकीच्या पद्धतीने शोधलं. ज्याच्याकडे क्लिप असेल त्याला विचारायचं, तुम्हाला कुणी पाठवली? उत्तर ठरलेलं असे: "मला ना, सगळ्यांनीच पाठवली." प्रयोगशाळेतल्या शिपायाला त्याच्या मेव्हण्याकडून आली होती, मेव्हण्याला शिपायाकडून. आमच्या साहेबांनी तर ती मलाच पाठवली, 'बघा, कुठलीतरी सोसायटी' असं लिहून. मी उत्तर दिलं, 'आमची.' त्यावर त्यांनी हसरे चेहरे पाठवले आणि बोक्याची सही मिळेल का विचारलं.

मग माझ्या लक्षात आलं की माणसांना विचारण्यात अर्थ नाही, क्लिपलाच विचारलं पाहिजे. कारण सगळ्या क्लिपा सारख्या नव्हत्या. काहींत पिवळी अक्षरं होती, काहींत नव्हती. काहींत कडा कापून बोका मोठा केला होता, काहींत पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर दिसत होत्या. कापलेली कड परत जोडता येत नाही, म्हणून जिच्यात जास्त चित्र ती जुनी. जिच्यात अक्षरं नाहीत ती आणखी जुनी. म्हणजे अक्षरांशिवायची, न कापलेली क्लिप कुणाकडे आहे ते बघत मागे जायचं.

मी हे संकपाळांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बसगोंडाच ना?"

मागे जाता जाता मी मिरजेला पोचले. आमच्या लॅबमधल्या एका मुलीच्या आजेसासूबाई तिथल्या भजनी मंडळात होत्या. त्यांच्याकडच्या क्लिपमध्ये अक्षरं नव्हती, कडा शाबूत होत्या, आणि गाणंही नव्हतं. मॉनिटरवर पडलेली ट्यूबलाइटची पट्टी स्पष्ट दिसत होती. म्हणजे कुणीतरी मॉनिटरसमोर उभं राहून मोबाईलने चित्रण केलं होतं. शेवटी चित्र थरथरत होतं. ती थरथर सगळ्याच क्लिपांत होती, मला ती कॅमेऱ्याची वाटली होती.

आणि या क्लिपला आवाज होता. चित्रण करणाऱ्याचा. आधी नाकातून दाबून धरलेला, मग दम लागल्यासारखा, मग घशातून अडखळत बाहेर पडणारा. कुणीतरी हसत होतं. हसायची सवय नसलेलं कुणीतरी.

बसगोंडा असा हसत नसे. तो मोकळा, खच्चून हसायचा.

आजेसासूबाई म्हणाल्या, "आम्हाला सुनंदाताईंनी पाठवला. मागं कुणीतरी खोकतंय ते बरं दिसेना, म्हणून मंडळातल्या एकीच्या नातवानं त्यावर गाणं घातलं. छान घातलंय की नाही?"

सुनंदाताईंचा नंबर त्यांनीच दिला. मी फोन लावला, माझं नाव सांगितलं, श्रीयोग अपार्टमेंटमधून बोलतेय म्हटलं.

"अय्या, म्हणजे भाऊजींच्या सोसायटीतल्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "हर्डीकर माझे मेहुणे. माझी बहीण गेली त्याला झाली आता बरीच वर्षं."

मी वही पुढे ओढली.

"मला आमच्या ऋजुतानं पाठवला. भाची. बडोद्याला असते. तिला तिच्या वडलांनी पाठवला."

"हर्डीकरांनी?"

"अहो, तेच तर. तिनं लग्न केलं न विचारता, तेव्हापासून भाऊजी तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ती रोज सकाळी त्यांना फुलांचं चित्र पाठवते. ते बघतात. उत्तर नाही. आणि एक दिवस अचानक हे. नुसता व्हिडिओ, वर खाली काही लिहिलेलं नाही. पोरीनं मला पाठवला, मी मंडळात टाकला. आमच्या मंडळातल्या सगळ्या बहिणीला ओळखायच्या ना."

"पण तुम्ही मांजराचा व्हिडिओ असा..."

"मांजर कुणी बघितलं?" सुनंदाताई म्हणाल्या. "मी हसणं पाठवलं हो. मांजर एवढं मोठं होईल हे मला काय ठाऊक."

ऋजुताने त्यांना काय लिहिलं होतं, तेही त्यांनी मला पाठवून दिलं.

हर्डीकर पहिल्या मजल्यावर राहत. लोकल फंड ऑडिटमधून निवृत्त झालेले. पार्किंगमध्ये कुणाचं चाक पट्टीच्या बाहेर आलं तर चिठ्ठी लावायचे, तीही सही करून. मी गेले तेव्हा ते पेपर वाचून झाल्यावर घडी घालत होते, दुकानातून आला तशी.

मी त्यांना मिरजेहून घेतलेली, गाण्याशिवायची क्लिप दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली.

"हा तुम्हाला कुठून मिळाला?"

"तुम्ही काढलेला आहे ना?"

"हो. मतमोजणीबद्दल तक्रार आली होती, म्हणून मी हात पुन्हा मोजायला खाली गेलो होतो. तेव्हा काढला." जराही न अडखळता. "पण तो हा नव्हे."

"कुठला तो?"

"जो फिरतोय तो. त्यात गाणं आहे, पिवळी अक्षरं आहेत. माझ्यात गाणं नव्हतं. मी माझा काढून तपासला. आवाज मोठा करून तपासला."

मला वाटलं ते मला बनवताहेत. पण त्यांचा चेहरा ताळेबंद जुळलेल्या माणसासारखा होता.

"काका, गाणं नंतर घातलं."

"म्हणजे मूळ राहिला नाही. खाडाखोड केलेला कागद वेगळा कागद असतो, आरवाडेबाई. आम्ही तो मान्य करत नसू."

"पण खाडाखोड कुणाच्या कागदावर केली?"

"ते तुम्ही शोधा. किल्ल्या दोन आहेत. मी गाणं घातलेलं नाही, म्हणजे उरला कोण?"

या एका वाक्यावर एका माणसाचं घर रिकामं होणार होतं. मी माझ्या मोबाईलवर गाणं घातलेली क्लिप आणि त्यांच्या मोबाईलवर त्यांची क्लिप लावून दोन्ही टेबलावर ठेवले, आवाज बंद केला आणि दोन्ही क्लिपा एकदम चालू केल्या. ट्यूबलाइटची पट्टी दोन्हींत त्याच जागी. एक माशी मॉनिटरवर उतरते आणि उडते, दोन्हींत त्याच वेळी. मी त्यांना पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं. विहिरीच्या मालकांना दाखवते तसं बोट ठेवून दाखवलं.

"आणि हे शेवटी चित्र हललंय," मी म्हटलं. "दोन्हींत. हात का हलला तुमचा?"

हर्डीकरांनी आपल्या मोबाईलवरची क्लिप थांबवली.

"मी तो फक्त ऋजुताला पाठवला होता," ते म्हणाले. आणि मग, अगदी बारीक आवाजात, "तिनं तो गावभर केला?"

मी सुनंदाताईंनी पाठवलेला मजकूर उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यात एवढंच होतं: 'मावशी, आवाज मोठा करून ऐक. बाबा हसले.'

त्यांनी तो वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. मग तारीख पाहिली.

"मी पाठवला त्याच दिवशीची आहे," ते म्हणाले.

"काका, महिनाअखेर जवळ आलीय. त्याच्या मुलीचे पेपर..."

"उद्या सभा आहे. मी निवेदन करीन." ते उठले. "पण हा मजकूर सभेत दाखवायचा नाही. तो तिचा खासगी आहे."

मी कबूल केलं. नंतर मला त्याचा पश्चात्ताप झाला.

सभा कॅमेऱ्याच्या खोलीतच होती. हर्डीकर, संकपाळ, पाचोरेबाई, मी आणि दोघे सभासद. बसगोंडाला दाराबाहेर उभं केलं होतं. हर्डीकरांनी उभं राहून निवेदन केलं: क्लिप त्यांनी स्वतः काढली, एका व्यक्तीला पाठवली, तिथून ती पसरली, वॉचमनचा संबंध नाही, त्याला दिलेली सूचना रद्द व्हावी.

मला वाटलं, संपलं. मी बॅगही उचलली.

"काका," संकपाळ गहिवरून म्हणाले, "तुमचं मन मोठं हाय. पण गरिबाला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय, हे आमाला कळत न्हाई व्हय?"

"मी सत्य सांगतो आहे."

"तेच तर. मोठी माणसं असंच म्हणतात."

मी मूळ क्लिप लावली, आवाजासकट. सगळ्यांनी कान देऊन ऐकली.

"हे हसणं हाय?" संकपाळ म्हणाले.

"दमा दिसतोय," एक सभासद म्हणाला.

"हर्डीकरांचा आवाज नाही हा," पाचोरेबाईंनी निकाल दिला. "मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलेलं नाही. अगदी खरं सांगते, वाईट वाटून घेऊ नका."

"मी स्वतः मागे जाऊन तपासलंय," मी म्हटलं. "कुणी कुणाला पाठवली, सगळं."

"मॅडम, तुमच्या शास्त्राबद्दल आमाला शंका न्हाई," संकपाळ म्हणाले. "पण शिवक्का तुमच्याकडं चहाला येती. हे बी शास्त्रच हाय. आन् काकाच सांगतात, पुराव्याशिवाय काय मान्य करायचं न्हाई. 'एका व्यक्तीला' म्हंजे कुणाला? नाव न्हाई, गाव न्हाई."

पाचोरेबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मग असं करा ना, हर्डीकर. हसून दाखवा. लगेच कळेल."

इतका मूर्खपणा मी कुठल्याच गावच्या पाणीसमितीत पाहिला नव्हता. पण हर्डीकरांना ती सूचना नियमात बसणारी वाटली असावी. त्यांनी घसा साफ केला आणि प्रयत्न केला. तो बघवत नव्हता. पाचोरेबाईंनीसुद्धा मान खाली घातली.

"झालं तर," संकपाळ म्हणाले. "सूचना कायम. बसगोंडा, रविवारपर्यंत..."

"थांबा," हर्डीकर म्हणाले.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला नाही, पण बटण दाबायला लागला. फोन टेबलावर ठेवून त्यांनी स्पीकर लावला. घंटी वाजत राहिली. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"हॅलो?" बाईचा आवाज. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मी हर्डीकर बोलतोय."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग, "बाबा?"

"हो. एक माहिती हवी आहे. मी तुला मांजराचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात मागे जो आवाज आहे, तो कुणाचा आहे?"

"बाबा, तुम्हाला बरं आहे ना? काय झालंय?"

"मला बरं आहे. एका माणसाची नोकरी अडली आहे. तो आवाज कुणाचा, एवढं सांग."

"तुमचा."

"खात्रीने?"

"आई गंमत करायची तेव्हा तुम्ही असेच हसायचात. आधी नाकातून. मी तो कुठेही ओळखीन. मी खूपदा ऐकलाय तो."

संकपाळांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"ठीक आहे," हर्डीकर म्हणाले. पण त्यांनी फोन बंद केला नाही.

"बाबा, हे स्पीकरवर आहे का?"

"हो. कमिटी बसली आहे."

"मग... मी नंतर करू का फोन? तुम्हाला चालेल तेव्हा?"

हर्डीकरांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, हजेरी घेतल्यासारखं.

"नको. तू बोल," ते म्हणाले. "कमिटी उठते आहे."

आम्ही उठलो. सहापैकी पाच जण पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधे येऊन उभे राहिलो. पाचोरेबाईंनी दार ओढून घेतलं, पण ते नीट बसेना, तर त्या त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतून हर्डीकरांचा आवाज येत होता. ते बडोद्यात दुधाचा भाव विचारत होते.

संकपाळ माझ्या कानाशी लागले. "मग मॅडम, ठरावात काय लिहायचं?"

माझ्याकडे जेवढं होतं तेवढं मी दोन दिवस सांगत होते.

बसगोंडा जिन्यापाशी उभा होता, हात मागे बांधून. त्याला काय ठरलं ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे बघायचं म्हणजे काहीतरी म्हणावं लागलं असतं, म्हणून कुणी बघत नव्हतं. शेवटी संकपाळांची नजर त्याच्यावर गेली. ते एकदम खेकसले.

"आन् तू काय बघत उभारलाईस रे? वरची टाकी कोण भरणार, माझा आज्जा? सकाळी पाणी आलं न्हाई तर बायका मला खातील. उद्या, परवा, रोज सांगायला लागतंय तुला?"

"न्हाई, साहेब," बसगोंडा म्हणाला, आणि मोटर चालू करायला गेला.

शिवक्का खोलीच्या दारात आली होती. तिने माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी होकारार्थी मान हलवली. ती आत गेली आणि तिने दिवाणाखालचं बांधून ठेवलेलं गाठोडं ओढून सोडायला घेतलं.